बोटुकलीचा ट्रक

माशाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जिऱ्याच्या दाण्याएवढं असतं, म्हणून त्याला जिरे म्हणतात. तेच वाढून माणसाच्या बोटाएवढं झालं की ती बोटुकली. हे दोन शब्द आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकीकत बोटुकलीच्या जिवाची आहे, आणि ज्या ट्रकच्या इंजिनाने तो जीव टांगणीला लावला त्या इंजिनाची.

मी तेव्हा सावली गावाच्या बाजूला एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायचं, शनिवारी चंद्रपूरला घरी यायचं आणि सोमवारी पहिल्या एसटीने परत जायचं, असा माझा क्रम होता. तुमची आई, म्हणजे माझी मुलगी, तेव्हा नागपूरला वसतिगृहात होती. श्रावणातल्या एका सोमवारी ती पहिली एसटी आलीच नाही. कुठल्या तरी नाल्याला पूर होता म्हणे. मी स्टँडबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी उभी होते, तेवढ्यात एक ट्रक चहासाठी थांबला आणि मागच्या फाळक्यावरून एका बाईने मला हाक मारली.

"मॅडम, सावलीले ना? बसा समोर. आम्ही तिकडंच जाऊन राह्यलो."

तिची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून ती मला ओळखत होती. ढिवर समाजातली बाई, चाळिशीची, काटक, हातावर गोंदण. त्यांच्या गावच्या मच्छीमार सोसायटीची ती त्या वर्षी अध्यक्ष झाली होती. तोवर अध्यक्ष नेहमी पुरुषच असायचा. ट्रकमध्ये मागे निळे ड्रम रांगेने उभे होते, ड्रमांच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलेलं होतं आणि आत पाण्यात बोटुकल्या होत्या. तिच्याबरोबर सोसायटीतल्या आणखी चार बाया होत्या.

मी केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसले. केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती, त्यामुळे ती बाई मागून वाकून माझ्याशी बोलत होती. तिने सांगितलं ते असं. गावचा तलाव मोठा आणि जुना. दरवर्षी सोसायटीतले पुरुष जाऊन जिरे आणायचे आणि सोडून द्यायचे. जिरे आणायला सोपं, पिशवीत मावतं. पण तलावात मरळ फार, आणि मरळीच्या तोंडी जिरे म्हणजे फुटाणे. हिचं म्हणणं होतं की कमी आणा पण मोठं आणा, बोटाएवढं झालेलं आणा, म्हणजे ते स्वतःचा जीव वाचवील. सोसायटीतले एक म्हातारे सभासद त्यावर सगळ्यांदेखत म्हणाले होते की बोटुकली एवढ्या लांबून जिवंत येत नाही, बाई मेलेली मासोळी आणतील आणि बगळ्यांना जेवण घालतील. सभेत सगळे हसले. तरी तिने आपलं म्हणणं सोडलं नाही. सरकारी मत्स्यबीज केंद्रावर त्या पावसाळ्यात एवढीच बोटुकली शिल्लक होती. ही मेली तर दुसरी मिळणार नव्हती, तलाव वर्षभर रिकामा राहिला असता आणि पुढे त्या सोसायटीत कुठल्याही बाईचं कोणी ऐकलं नसतं. हे शेवटचं तिने सांगितलं नाही. ते तिच्या मागे उभ्या असलेल्या तरुण बाईने सांगितलं, आणि अध्यक्षबाईंनी तिला गप्प बस म्हटलं.

मी विचारलं की एवढ्या मासळीला ड्रममध्ये श्वास कसा पुरतो. तिने हाताने ट्रकचा हिसका करून दाखवला. रस्त्यावर खड्डे असतात, ट्रक हादरतो, पाणी डुचमळतं आणि डुचमळत्या पाण्यात हवा मिसळत राहते. ट्रक चालतो तोवर मासळी जगते. त्या रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल चांगलं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

चिचपल्लीला तलावाकाठी थांबून बायांनी ड्रममध्ये थोडं ताजं पाणी घातलं. पाऊस उघडला होता आणि ऊन कडक पडलं होतं. पावसाळ्यातलं ऊन मासळीला वाईट. म्हणून त्यांनी आणलेली गोणपाटं पाण्यात बुचकळून ड्रमांभोवती गुंडाळली, फाळक्यांवर टाकली. हे सगळं फार झटपट आणि न बोलता झालं. मग आम्ही निघालो.

चिचपल्ली मागे पडली की दोन्ही बाजूंनी सागवान आणि बांबू येतो, आणि मूल गावाच्या अलीकडे रस्ता चढतो. त्या चढावर ट्रकचा जोर कमी व्हायला लागला. ड्रायव्हरने गिअर बदलला, पुन्हा बदलला. इंजिन दम लागल्यासारखं करायला लागलं आणि चढाच्या मध्यावर बंद पडलं.

ड्रायव्हरने सेल्फ मारला. इंजिनाने पकडलं, क्षणभर गुरगुरलं आणि पुन्हा गप्प. असं बरेचदा झालं. मग त्याने खाली उतरून चाकांमागे दगड लावले, बॉनेट उघडलं आणि डिझेलच्या नळीचा एक स्क्रू ढिला करून हाताने पंप दाबत हवा काढली. डिझेलच्या नळीत हवा शिरली तर इंजिन चालत नाही एवढं मला तेव्हा कळलं. हवा काढून झाल्यावर पुन्हा सेल्फ. आता तर तेवढंही गुरगुरेना, आणि सेल्फचा आवाजही मंद व्हायला लागला. बॅटरी उतरत चालली होती.

मागून काही आवाज येत नव्हता म्हणून मी उतरून पाहायला गेले. अध्यक्षबाईंनी एका ड्रमचं कापड सोडलं होतं. पाणी आता अगदी स्थिर होतं. सगळ्या बोटुकल्या वर आल्या होत्या आणि पाण्याच्या पृष्ठभागाला तोंडं लावून उघडझाप करत होत्या. शेकडो लहान तोंडं. मी तसं दृश्य कधी पाहिलं नव्हतं आणि ते काय आहे हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

बाईने बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, तळहात थोडा वाकवला आणि पाण्यावर थापट्या मारायला सुरुवात केली. जोरात नाही. जोरात मारलं तर पिल्लांना लागतं. बाळाला थोपटतात त्याहून थोडा जास्त जोर. पाणी उडेल, फेस येईल, पण खाली धक्का जाणार नाही. इतर बायांनी बाकीचे ड्रम घेतले. ड्रम जास्त आणि हात कमी होते, म्हणून मीही फाळका चढून वर गेले. साडी खोचून, वयाच्या पन्नाशीला, ट्रकचा फाळका चढण्याचा हा माझा पहिला आणि शेवटचा प्रसंग. माझी पहिली थापटी पाहून बाई म्हणाली, "मॅडम, पोराले मारून राह्यल्या का? हळू." मग तिने माझं मनगट धरून दाखवलं.

हात लवकर भरून येतात हे माझ्या ध्यानात आलं. सगळ्या एकदमच थकल्या तर एकदमच थांबतील, म्हणून मी घड्याळ पाहून पाळ्या लावल्या. एकीने हात झटकत बसायचं, बाकीच्यांनी सरकायचं, कुठल्याच ड्रमचं पाणी फार वेळ निजू द्यायचं नाही. बायांना ते पटलं. मला वाटतं, शाळा-कॉलेजात इतकी वर्षं वेळापत्रकं केली, त्यातलं हे सगळ्यात उपयोगी.

दरम्यान एक एसटी मूलकडे गेली. आमच्या ड्रायव्हरने एसटीच्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला की मूलच्या नाक्यावरच्या मिस्त्रीला पाठव. मिस्त्री लाकडाच्या एका ट्रकमधून आला, तेव्हा सूर्य बराच वर आला होता आणि माझा उजवा हात मला परका वाटत होता.

आता या माणसाबद्दल सांगते. मूलच्या एका मुसलमान घरातला होता. वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, मुलाने ट्रक धरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत मोजून दुमडलेल्या, केसांना तेल. अशा कपड्यात हा इंजिनात हात घालणार कसा असं मला वाटलं. त्याने हात घातला आणि शर्टाला शेवटपर्यंत डाग पडला नाही. स्वतःच्या हुशारीबद्दल त्याला मुळीच संकोच नव्हता. आल्या आल्या ड्रायव्हरला म्हणाला की गडचिरोलीपर्यंत असा ट्रक नाही जो मी पाहिला आणि चालला नाही, फक्त तू आता बोटं लावू नको.

ड्रायव्हर सांगायला लागला की डिझेलमध्ये हवा घुसली असणार, किंवा पंप गेला असणार. मिस्त्रीने त्याला थांबवलं.

"भाऊ, काय झालं ते तू सांग. काऊन झालं ते मी सांगतो."

आणि मग त्याने बॉनेटकडे न बघता प्रश्न विचारायला सुरुवात केली. चढावर मेली का सपाटीवर? चढावर. एकदम मेली का दम लागून? दम लागून. सकाळी थंड असताना सुरू व्हायला त्रास झाला का? नाही, एका सेल्फला लागली. धूर कसा होता?

"धूर निघतच असन ना," ड्रायव्हर म्हणाला.

"असन म्हणजे? पाह्यला का नाई?"

मी वरून सांगितलं की धूर काळा होता, केबिनच्या आरशात मला दिसला होता, आणि चढाला लागल्यावर जास्त काळा झाला होता.

"मॅडमनं पाह्यला," मिस्त्री ड्रायव्हरला म्हणाला. "तू काय पाहून राह्यला होता बे, मोर?"

मग तो सायलेन्सरच्या तोंडापाशी बसला. आत बोट फिरवलं, काजळी अंगठ्यावर घासली, वास घेतला. काजळी दाट आणि ओलसर होती. त्याचा अर्थ त्याने आम्हाला मोठ्याने सांगितला, कारण त्याला विचार मोठ्याने करायची सवय होती. डिझेल आत पोचतंय. पण जळायला जेवढी हवा पाहिजे तेवढी मिळत नाही, म्हणून अर्धवट जळतं आणि काळं होतं. डिझेलच्या इंजिनाला पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटेल. हवाच कमी पडली तर दाबायचं काय? म्हणजे हवा गाळायचा फिल्टर चोंदला. त्याने फिल्टरचा डबा उघडला.

फिल्टर स्वच्छ होता. धूळ धरायला डब्याच्या तळाशी असतं ते तेलही चांगलं होतं.

मिस्त्रीने तेलात बोट बुडवून पाहिलं. "हे तर माझ्या घरच्या गोडेतेलापेक्षा साफ आहे," तो म्हणाला, पण पहिल्यासारखा रुबाब आवाजात नव्हता. डबा लावला, रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि पाणी मागितलं. पहिला अंदाज चुकला होता. खरं सांगते, मला त्या वेळी तो जास्त आवडायला लागला. चुकीचा अंदाज खरा करून दाखवण्यासाठी इंजिन खोलत बसणारे कारागीर मी पाहिले आहेत. याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

ड्रायव्हर किल्लीकडे गेला, पुन्हा एकदा मारून पाहतो म्हणाला. मिस्त्री बसल्या जागेवरून ओरडला नाही, पण त्याने असं काही बघितलं की ड्रायव्हरने हात मागे घेतला.

"बॅटरीत एकच सेल्फ उरला आहे. तो पाहाले खर्च करायचा. चालू कराले नाई."

हे वाक्य मी पुढे किती वेळा आठवलं असेल. आपण साधारण उलटं करतो. हातात जे थोडंसं उरलेलं असतं ते नशिबावर उधळून टाकतो, लागलं तर लागलं. हा माणूस शेवटची ताकद फक्त बघण्यासाठी वापरणार होता.

त्याने आम्हाला जागा वाटून दिल्या. ट्रकमधल्या त्या तरुण बाईला खाली बोलावून डिझेलच्या एका नळीपाशी उभं केलं. नळीचा नट त्याने थोडा सैल केला होता. तिथून काय येतं ते तिने पाहायचं. मला सायलेन्सरपाशी, धूर पाहायला. ड्रायव्हर किल्लीवर. तो स्वतः फिल्टरच्या डब्याला कान लावून.

"आपापलं पाहायचं," त्याने बजावलं. "दुसऱ्याचं पाहायचं नाई. अन् काय वाटलं ते सांगायचं नाई, काय दिसलं ते सांगायचं."

वर ट्रकमध्ये अध्यक्षबाई आणि उरलेल्या बाया थापट्या मारतच होत्या. त्यांना त्याने काही काम दिलं नाही. त्यांच्याजवळ होतंच.

ड्रायव्हरने किल्ली फिरवली. इंजिन जड जड फिरलं, एकदा खोकल्यासारखं झालं, आणखी थोडं फिरलं आणि थांबलं. किल्ली पुन्हा फिरवली तेव्हा नुसतं टक्‌ वाजलं. तो शेवटचा सेल्फ होता.

मिस्त्रीने एकेकाला विचारलं. तरुण बाई म्हणाली की डिझेलची पिचकारी उडाली, माझ्या लुगड्यावर पाहा. मी म्हणाले की आधी पांढुरका धूर आला, मग एक काळा भपकारा, मग काहीच नाही. मिस्त्री म्हणाला की फिल्टरमध्ये हवा शिरताना जो सूं आवाज येतो तो सुरुवातीला थोडा आला आणि मग बंद झाला. म्हणजे फिल्टरच्या आधीच कुठेतरी कोणीतरी नाक दाबतंय. फिल्टरमध्ये हवा आणणारी नळी कुठे जाते हे तो हाताने चाचपायला लागला. नळी नेहमीच्या जागी संपत नव्हती. ती केबिनच्या मागे कुठेतरी वर गेली होती.

तेव्हा वरून अध्यक्षबाई बोलली. तिचा हात पाण्यातच होता.

"मिस्त्रीभाऊ, मले काई पाहाले सांगतलं नव्हतं. पण एक दिसलं."

"बोला ना बाई."

"हे समोरचं गोणपाट आत गेलं. पाण्याच्या ओढीनं जाळं पोट काढते ना, तसं. सेल्फ थांबला अन् मंग सुटलं."

ड्रायव्हर हसला. म्हणाला, बाई, गोणपाटानं कधी ट्रक बंद पडते का. मिस्त्री हसला नाही. त्याने ड्रायव्हरपुढे हात आडवा धरला आणि दुसऱ्या हाताने फाळका धरून वर चढला.

केबिनची मागची बाजू आणि ट्रकच्या हौद्याची पुढची फळी यांच्यामध्ये वितीभर फट असते. त्या फटीतून एक जाड नळी वर आलेली होती, आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी होती. हा ट्रक पूर्वी बल्लारपूरकडे कोळशाच्या वाहतुकीवर होता. खाली कोळशाची भुकटी उडते म्हणून जुन्या मालकाने हवा ओढायची नळी लांब करून उंचावर आणून ठेवली होती. आणि त्या फटीवर, पुढच्या फळीवरून, एक गोणपाट पडद्यासारखं ताणून बांधलेलं होतं, ओलंचिंब. इंजिन थांबलेलं असताना ते जाळीपासून सुटं लोंबत होतं. पाहणाऱ्याला काही म्हणता काही दिसलं नसतं. इंजिन हवा ओढायला लागलं की ते जाऊन जाळीला चिकटायचं. सपाटीवर इंजिनाला थोडी हवा पुरत होती. चढावर जास्त लागली, गोणपाट जास्त जोराने ओढलं गेलं आणि तोंड बंद झालं. मिस्त्रीने जाळीवर बोट फिरवून आम्हाला दाखवलं. जाळीत तागाचे ओले तंतू अडकले होते.

त्याने गोणपाटाची दोरी ओढून पाहिली. गाठ सुटेना. ती जाळ्याची गाठ होती, ओढली की घट्ट होणारी.

"हे कोणं बांधलं?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

ड्रायव्हर खाली रस्त्यावर, तोंड वर करून उभा होता. हा माणूस संध्याकाळपर्यंत ही हकीकत गावात कशी सांगेल हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. बाईनं गोणपाट बांधलं अन् ट्रक मारला. खालून ती तरुण बाई पटकन म्हणाली की मी बांधलं.

"नाई वं," अध्यक्षबाई म्हणाली. "मी बांधलं. चिचपल्लीले. ऊन समोरून येऊन राह्यलं होतं, अन् इंजिनचा शेक लागन माश्याईले म्हणून." मग पुन्हा म्हणाली, "माझ्याच हातानं."

ती ड्रममध्ये थापट्या मारत होती आणि खाली बघत होती. मिस्त्री खिशातून चाकू काढून दोरी कापत होता. कापता कापता तो तिला म्हणाला, "बाई, तुम्ही ट्रकाले काई केलंच नाई. मासोळीले पांघरूण घातलं. म्हणून कोणी सांगतलं नाई, अन् म्हणून मीही विचारलं नाई." मग खाली वाकून ड्रायव्हरला म्हणाला, "अन् तुह्या गाडीचं नाक कुठी आहे ते तुले माहीत नाई, अन् तू हसून राह्यला."

ड्रायव्हरने मान खाली घातली. तो वाईट नव्हता, तरुण होता.

दोष सापडला, पण बॅटरी संपलेली होती. ट्रक ढकलायचा तर पुढे चढ. मिस्त्रीने रस्त्याकडे मागे पाहिलं आणि म्हणाला की देवाने उतार दिलाय तर ढकलायचं कशाला. मागेच सोडू. ट्रक उलटा उतारावरून घरंगळू द्यायचा, रिव्हर्स गिअर टाकून ठेवायचा, आणि वेग आला की क्लच सोडायचा. चाकं इंजिनाला फिरवतील. हे ऐकायला सोपं वाटतं. पण भरलेला ट्रक, वळणाचा रस्ता, आणि मागे उघड्या ड्रमांत पाणी. त्याने बायांना खाली उतरायला सांगितलं. अध्यक्षबाईंनी नकार दिला. ड्रम कोण धरणार? तो म्हणाला की ट्रक आडवा झाला तर? ती म्हणाली की मग धरायला ड्रमही नसतील अन् मीही. शेवटी तिच्याबरोबर दोघी वर राहिल्या, ड्रमांना दोर गुंडाळून, पाय फाळक्याला टेकवून.

मला खालच्या वळणावर पाठवलं, कोणी गाडी वर येऊ नये म्हणून. माझ्याजवळ छत्री होती. मी रस्त्याच्या मधोमध ती आडवी धरून उभी राहिले. गडचिरोलीकडे जाणारी एक एसटी आली आणि तिचा ड्रायव्हर खिडकीतून विचारू लागला की बाई, काय आंदोलन आहे का. मी त्याला सांगितलं की इंजिन बंद कर आणि थांब, ट्रक उलटा येतो आहे. माझ्या आवाजात वर्गातला आवाज आला असावा, कारण तो थांबला, आणि प्रवासी उतरून बघायला लागले.

तरुण बाईने चाकांमागचे दगड काढले. मिस्त्री ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीवर उभा होता, एक हात आतल्या स्टिअरिंगवर. ट्रक हलला. आधी इतका हळू की हलला की नाही कळेना, मग वेग घेत माझ्याच दिशेने. मी छत्री धरून मागे मागे सरकत होते. मिस्त्रीने काहीतरी म्हटलं, ट्रकला एक मोठा हिसका बसला, सगळे ड्रम एका बाजूला डुचमळले, बाईच्या अंगावर पाणी सांडताना मला दिसलं, आणि इंजिन लागलं. काळ्या धुराचा एक लोट आला. मग धूर विरळ झाला, मग राखाडी, मग जवळजवळ दिसेनासा. मी रस्त्यातून बाजूला झाले नव्हते म्हणून हे सगळं नीट पाहू शकले.

एसटीतले लोक टाळ्या वाजवत होते. मिस्त्रीने त्यांच्याकडे बघून कॉलर सरळ केली.

पण तो मूलला उतरला नाही. बॅटरी भरेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, आणि या ड्रायव्हरचा काही भरवसा नाही, असं कारण त्याने दिलं. तो केबिनमध्ये माझ्या शेजारी बसला आणि मागच्या खिडकीतून सारखा विचारत होता की कसं काय बाई, जिवंत आहेत ना. बाई दरवेळी म्हणायची, पाहू. सावलीला माझा थांबा आला तेव्हा मी उतरायला हवं होतं, पहिला तास बुडालाच होता, पण दुपारचे बाकी होते. मी उतरले नाही. आयुष्यात मी फार थोड्या वेळा तास बुडवले आहेत.

तलावावर पोचलो तेव्हा बांधावर गावातली बरीच माणसं जमली होती. सोसायटीतले पुरुष एका बाजूला उभे होते आणि ते म्हातारे सभासद सगळ्यांच्या पुढे, काठीवर दोन्ही हात टेकून. ट्रक एवढा उशिरा का आला हे ते विचारण्याआधीच अध्यक्षबाई फाळक्यावरून उतरली आणि सांगून मोकळी झाली. गोणपाट तिने बांधलं, त्याने ट्रक बंद पडला, मिस्त्रीने शोधलं. सगळ्यांसमोर, कपडे ओले, एका दमात. ड्रायव्हरला सांगायला काही उरलंच नाही. म्हाताऱ्यांनी फक्त एवढं विचारलं, "मासोळी?"

ड्रम उतरवले. लगेच ओतायचे नसतात. ड्रमचं पाणी उन्हाने कोमट झालेलं, तलावाचं थंड. एकदम सोडली तर मासळी दचकून मरते. म्हणून ड्रम तलावाच्या कडेला पाण्यात उभे करून ठेवायचे, तलावाचं थोडं थोडं पाणी आत घालत राहायचं, आणि वाट पाहायची. काही बोटुकल्या पोट वर करून तरंगत होत्या. बाईने त्या वेचून पळसाच्या पानावर काढल्या आणि सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या. मिस्त्री बांधावर उकिडवा बसला होता, त्याच्या मागे ट्रकचं इंजिन धडधडत होतं, आणि तो पानावरच्या मेलेल्या बोटुकल्या मोजत होता.

मग बाई मांडीभर पाण्यात उतरली आणि तिने पहिला ड्रम कलता केला. एकटीला तो पेलेना, पाणी एकदम सांडेल अशी भीती होती. बांधावरचे म्हातारे सभासद काठी शेजारच्याकडे देऊन, धोतर वर खोचून पाण्यात उतरले आणि त्यांनी ड्रमची दुसरी कड धरली. दोघांनी तो हळूहळू आडवा केला. ड्रमचं तोंड तलावाच्या पाण्याला भिडलं. बोटुकल्या आधी बाहेर येईनात, आतच तोंड फिरवून एका जागी थरथरत राहिल्या. मग एक निघाली, तिच्यामागे दोनचार, आणि मग सगळी काळसर रेघ एकदम म्हाताऱ्यांच्या पायांमधून तलावात शिरली.

"चाल," म्हातारे म्हणाले, "दुसरा आण."